विजापूर रोडची बॉलिंग मशीनवाली नेट, आणि सगळ्यात भारी फास्ट बॉलिंग अटॅक कुठला याचं माझं उत्तर

सोलापुरात नोकरी-धंदा सांभाळून लेदर बॉलवर बॅटिंगची प्रॅक्टिस करायची म्हणजे अवघडच असतं, टीमची नेट सकाळी असते तेव्हा आपली घाई, संध्याकाळी आपण मोकळे झालो की अंधार. त्यामुळं विजापूर रोडला आतल्या बाजूला लाईटमध्ये चालणारी मशीनवाली नेट सुरू झालीय कळल्यावर मी लगेच गेलो, आणि आता बरेच दिवस जातोय म्हणून हे लिहितोय.

आधी कामाचं. अर्ध्या तासाला अडीचशे रुपये, दोघांनी मिळून स्लॉट घेतला तर दोघांत तेवढेच, आळीपाळीनं खेळायचं. दोन नेट आहेत, एकात मशीन, दुसऱ्यात थ्रोडाऊन, म्हणजे समोरनं हातानं फेकलेले बॉल, घेणारी पोरं. खाली सिमेंटवर मॅट. मशीनवर जे अण्णा बसतात ते लय शिस्तीचे, प्रत्येक बॉल आधी हात वर करून दाखवणार, आपण मान हलवली की मगच सोडणार, आणि हेल्मेट नसेल तर ताशी शंभर किलोमीटरच्या स्पीडलाही टाकत नाहीत. एकजण माझ्यासमोर हुज्जत घालत होता, आण्णा टेनिस बॉलवाल्याला काय हेल्मेट, वगैरे. अण्णांनी मशीन बंद केली आणि बाजूला उभे राहिले, बास.

मला ते फार पटलं. आपल्या सोलापुरात जन्मलेले भारताचे बॅट्समन पॉली उम्रीगर १९६२ ला वेस्ट इंडिजला गेले होते, त्याच दौऱ्यात बार्बाडोसच्या मॅचमध्ये चार्ली ग्रिफिथचा बॉल आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव वाचवायला रक्त द्यावं लागलं आणि देणाऱ्यांत त्यांचा कॅप्टन फ्रँक वॉरेल होता तसे उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर परत टेस्ट खेळले नाहीत. आणि एवढं डोळ्यासमोर बघून उम्रीगरांनी त्याच सिरीजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्यांचा फास्ट बॉलर वेस हॉलसमोर नाबाद १७२ केल्या, हेल्मेट ही वस्तूच नव्हती तेव्हा. हा माणूस आपल्या गावात जन्मला हे सोलापुरातल्या किती पोरांना माहितीय देव जाणे, प्रत्येक नेटवर त्यांचा फोटो पाहिजे असं माझं मत.

आता मशीन. दोन चाकं उलट्या दिशेनं फिरतात, मधनं बॉल सुटतो, एका चाकाचा स्पीड कमीजास्त केला की स्विंग. ११० ला छान वाटतं, १२५ ला बॅट उशिरा येते, १३५ ला पहिले काही बॉल नुसते दिसतात. अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ असतो हातात. पण गंमत म्हणजे पंधरा-वीस बॉलनंतर १३५ पण खेळता येतो, कारण बॉल त्याच उंचीवरनं सुटतो, तिथंच पडतो, तेवढाच उडतो, डोळा बसतो एकदा. मग अण्णा मशीनचं तोंड जरासं वळवतात, लेंग्थ बदलतात, स्पीड उलट दहानं कमी करतात, आणि सगळं परत शून्यावर. कमी स्पीडला जास्त फजिती होते, हे मी स्वतः सोडून इतर पाच-सहा चांगल्या बॅट्समनचं पण बघितलंय.

हे बघितल्यापासून आमच्या ग्रुपमधल्या कायमच्या वादाला माझ्याकडं उत्तर आहे. सगळ्यात भारी फास्ट बॉलिंग अटॅक कुठला म्हटलं की सगळे स्पीड आणि विकेटा मोजायला लागतात. मोजायचं ते वेगळंच आहे. अटॅकमधल्या चौघा बॉलर्समधला सगळ्यात सोपा कोण, आणि एकाला डोळा बसल्यावर दुसऱ्या एंडनं किती वेगळा बॉल येतो, हे दोन प्रश्न विचारा आणि मग बघा कोण टिकतंय.

माझ्या हिशोबात वेस्ट इंडिजचे रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल. म्हणजे १९८३ च्या वर्ल्ड कप फायनलला लॉर्ड्सवर आपल्यासमोर होते तेच चौघं. गार्नर ६ फूट ८ इंच, गुड लेंग्थवरनं छातीत येणार आणि पुढं टाकला तर यॉर्कर बुंध्यात, १९७९ च्या फायनलला इंग्लंडचे ३८ रनात ५ घेतले त्यातले ४ सरळ बोल्ड. दुसऱ्या एंडला मार्शल, त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका, त्याचा बाउन्सर, म्हणजे आपटून उडवलेला बॉल, उंच जातच नाही, घसरत गळ्यापाशी येतो, आणि दोन्ही बाजूला स्विंग. होल्डिंग लांबून पळत येणार आणि अंपायरला पावलांचा आवाज येत नाही म्हणायचे. रॉबर्ट्स सगळ्यात डोकेबाज, त्याचे बाउन्सरच दोन, एक जरा हळू, तो हूक केला की आपण खूश, मग तसाच दिसणारा पण जोरात. अण्णा मशीनवर करतात तेच, पण हा माणूस खांदा न बदलता करायचा. यातला सोपा एंड कुठला ते सांगा मला.

आकडे पाहिजेत तर मार्शल ३७६ विकेट, सरासरी २०.९४. गार्नर २५९, सरासरी २०.९७. नंतर आलेला अँब्रोस ४०५, सरासरी २०.९९. तिघं एकाच टीमचे, तिघं २१ च्या आत. आणि १९८० ला न्यूझीलंडमध्ये हरल्यानंतर १९९५ पर्यंत या टीमनं टेस्ट सिरीज हरलेली नाही, पंधरा वर्षं राव. १९८४ ला हेडिंग्लेला मार्शलचा डावा अंगठा मोडला होता, एका हातानं बॅटिंग केली, जोडीदार गोम्सची सेंच्युरी पूर्ण करून दिली, आणि मग प्लास्टर घातलेल्या हातानं बॉलिंगला येऊन ५३ रनात ७ काढले.

ग्रुपमध्ये यावर कायम एक मुद्दा येतो की त्यांना बाउन्सरला लिमिट नव्हती, ओव्हरमागं एका बॅट्समनला एकच बाउन्सर हा नियम १९९१ ला आला, त्याआधी मारामारीच होती. १९७६ ची वेस्ट इंडिजमधली आपली किंग्स्टन टेस्ट घ्या, अंशुमन गायकवाडच्या कानाला लागलं, विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके, दुसऱ्या डावात ९७ ला ५ पडल्यावर बॅटिंगला येण्यासारखं कोणी उरलंच नाही. ते बघून माझं पण रक्त खवळतं, त्या मॅचचं कौतुक मी करणार नाही. पण तो अटॅक वेगळा होता, त्यात गार्नर नाही, मार्शल नाही, आणि मी ज्या चौघांबद्दल बोलतोय त्यांच्या विकेटा नुसत्या भीतीच्या नाहीत, स्टंप उडालेत. १९८३ च्या कानपूरला मार्शलच्या बॉलनं गावसकरच्या हातातली बॅट निसटली, गावसकरच्या हातातली! आणि त्याच गावसकरनं पुढच्याच दिल्ली टेस्टला ९४ बॉलमध्ये सेंच्युरी मारून ब्रॅडमनच्या २९ टेस्ट सेंच्युरींची बरोबरी केली, म्हणून मला ती सिरीज ३-० हरलेली असूनही आवडते.

बाकीचे पटकन. पाकिस्तानचे वसीम-वकार, जुन्या बॉलवर यांच्यासारखी जोडी झाली नाही आणि होणार नाही, पण जोडी ती, चौकडी नाही. ऑस्ट्रेलियाचे मॅकग्रा-गिलेस्पी-ली कडक, फक्त त्यांच्या मागं स्पिनर शेन वॉर्न होता, तो काय फास्ट नाही. त्यांचेच आधीचे लिली-थॉमसन एक-दोन सीझन जगात सगळ्यात भयानक, मग थॉमसनचा खांदा गेला. दक्षिण आफ्रिकेचे स्टेन-मॉर्केल-फिलँडर माझ्या यादीत दोन नंबरला, एक स्विंग, एक उंची, एक सीम, तिघं तीन तऱ्हेचे, म्हणूनच. नागपूरला २०१० मध्ये स्टेननं ५१ रनात ७ घेतले ते पीच आपलं होतं हे विसरू नका.

आणि आपले बुमराह, शमी, इशांत. एका वर्षात तीन फास्ट बॉलर्सच्या मिळून १३० टेस्ट विकेटा, हा मार्शल-होल्डिंग-गार्नरचा १९८४ चा विक्रम या तिघांनी २०१८ मध्ये मोडला. श्रीरामपूरच्या झहीरला ३११ टेस्ट विकेटा घेताना दुसऱ्या एंडला असा आधार मिळाला असता तर, हा विचार माझ्या मनातनं जात नाही. हा अटॅक अजून चार-पाच वर्षं एकत्र तब्येतीनं खेळला असता तर मी आज वेगळं लिहिलं असतं.

हां, तर नेट. स्टाफ, लाईट, सेफ्टी एक नंबर. मॅट मात्र गुड लेंग्थच्या जागी फाटलीय, तिथं पडलेला बॉल कधी गुडघ्यात बसतो कधी पायापाशी राहतो, मशीनवर प्रॅक्टिसला हे बरोबर नाही, लवकर बदला. भाड्याचे पॅड चालतील, हेल्मेट स्वतःचं न्या, उन्हाळ्यात तर नक्कीच, घामानं ओलं असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारचा स्लॉट रिकामा मिळतो पण पत्र्याखाली भाजून निघता, सकाळी सहाचा घ्या नायतर रात्री आठनंतरचा.

मालकांना एक विनंती करून आलोय, दुसरी मशीन घेणार असाल तर ती फूटभर उंच स्टँडवर बसवा आणि दोन्ही एकाच नेटमध्ये लावा, एक बॉल खालनं, एक वरनं, कुठनं येणार ते आधी सांगायचं नाही. ते म्हणाले दिवाळीनंतर बघू. ती आली की पाच स्टार, तोपर्यंत चार.