बुधवारच्या बाजारातली खेकडेवाली आजी: पाचपैकी चार

आमच्या गावच्या बुधवारच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या ओळीच्या पार टोकाला, बाभळीखाली एक ढिवर, म्हणजे मासेमार समाजातली, आजी बसते. पुढ्यात जर्मनचं घमेलं, त्यावर ओलं पोतं, आणि पोतं हलत असतं. पाऊस धरला की बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, खेकडे, एरवी वैनगंगेतले. बाजूला केळीच्या पानावर मरळ, कधी मिळाली तर वाम.

मी आशा सेविका. दोन आठवड्यांच्या वर खोकला दिसला की थुंकीची डबी हातात द्यायची हे माझं काम, त्यामुळे ‘खेकडा खाल्ला का?’ हा प्रश्न माझ्याआधी घरात पोचलेला असतो. सुरुवातीची दोन वर्षं मी या आजीशी भांडले. आता तिचं गिऱ्हाईक आहे.

एक वाटा शंभराला, सात-आठ खेकडे येतात. आखाडीला दीडशे सांगते आणि हलत नाही. श्रावणात बसतच नाही. कोणाला काय द्यायचं ते तिला तोंडपाठ: खोकल्याला नि अशक्तपणाला खेकडा, बाळंतिणीला आणि टाके पडलेल्याला मरळ, कंबर धरली असेल तर वाम. यातलं कंबरेचं मला काही पटत नाही. माझ्या कंबरेवर दोनदा करून पाहिलं. वाम चवीला फार छान होती, एवढंच.

खेकड्याचा रस्सा मात्र तिनं सांगितल्यासारखाच करा. नांग्या मोडून वेगळ्या ठेवायच्या. पाठीचं कवच उचलून आतला चिखल धुवायचा, पण पिवळं टाकायचं नाही. पाय खलबत्त्यात ठेचायचे, गंजातल्या (पातेल्यातल्या) पाण्यात कालवायचे आणि पातळ फडक्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर कवचाची कच दाताखाली येते. जवसाच्या तेलात लसूण, मिरे, आलं, मग ते गाळलेलं पाणी. चांगलं खळखळू द्यायचं. रस्सा आधी फाटल्यासारखा दिसतो. घाबरायचं नाही, तसाच होतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

खळखळू द्यायचं हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्याकडे काही घरांत लेकरांना कच्चा रस पाजतात, ‘कच्च्यात गुण जास्त’ म्हणून. कच्च्या, अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाऊन बसणारा एक कृमी असतो. मणिपूर-नागालँडकडे असे रुग्ण बरेच सापडलेत. महिनोन्‌महिने खोकला, थुंकीत रक्त, म्हणजे बघणाऱ्याला टीबीच वाटावा. खोकल्याचं औषध म्हणून पाजलं आणि खोकलाच घरी आणला! मी हे आजीला घाबरत घाबरत सांगितलं, धंद्यावर बोलले म्हणून चिडेल असं वाटलं. ती म्हणाली, “कच्चा कायले पाजतेत? जिता जीव हाये, पोटात जिताच जाईन नं. उकडू दे म्हना.” तेव्हापासून प्रत्येक वाट्याबरोबर हे वाक्य फुकट मिळतं.

माझ्या यादीतला एक टीबीचा पेशंट तिच्याकडूनच माल नेतो. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं त्या निक्षय पोषणचे आधी महिन्याला 500 मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. त्यातले दोन वाटे खेकड्यांचे. खाण्यासाठीच पैसे आहेत, मी कशाला अडवू? पण दुसऱ्या महिन्यात त्याला बरं वाटलं आणि श्रेय गोळ्यांऐवजी खेकड्याला गेलं. मी अर्धा तास समजावलं ते वाया. आजीनं पोतं झाकता झाकता एवढंच म्हटलं, “गोळी बंद केली त खेकडा देनार नाही तुले.” सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला.

आता त्याच बाजारात एसटी थांब्याकडे अधूनमधून तेलवाला बसतो, त्याच्याबद्दल. समोर दोरीनं बांधलेली घोरपड, स्टोव्हवर कढई, बाटली अडीचशेला. सासऱ्यांनी गुडघ्याला आणली होती. वासावरून मला मोहरीचं तेल नि कापूर वाटला. गुडघा तसाच, उशीची खोळ मात्र पिवळी झाली. घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, विकणं, बाळगणं, सगळा गुन्हा, किमान 3 वर्षांची कैद. असा कोणी दिसला तर वनविभागाचा 1926 नंबर लावा. त्याला शून्य गुण.

आजीचा एक गुण कापला तो सुट्ट्या पैशांसाठी. फोनवर पैसे घेत नाही, परत द्यायला दहा रुपये नसतात, आणि बदल्यात दोन झिंगे पानावर टाकून मोकळी होते. शिवाय खेकड्यांच्या नांग्या बांधून देत नाही. एकदा माझ्या पिशवीतून निघून एक लसीकरणाच्या रजिस्टरवर चढून बसला होता. त्या पानाला अजून वास आहे.

जाल तर सकाळी दहाच्या आत जा. आणि घमेल्यातला सगळ्यात मोठा खेकडा मागून पाहा. ती उलटा करून पोटावरची झाकणी अंगठ्यानं उघडते. खाली राईएवढी पिल्लं चिकटलेली असली तर झाकणी मिटते आणि तो मागच्या बादलीत टाकते. मी दोनशे देऊ केले होते. “लेकुरवाळी हाये बाई,” म्हणाली, आणि दुसरा उचलला.