काच उतरवून दाखवलेला गेमिंग कॉम्प्युटर आणि माझे ५८,५०० रुपये

तयार जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर म्हणून माझ्याकडून ५८,५०० रुपये घेण्यात आले. त्यांपैकी २०,००० यूपीआयने आणि ३८,५०० रोख दिले. बदल्यात मिळाले ते २०११ सालच्या पिढीतला आय७-२६०० प्रोसेसर, त्याहूनही जुन्या चिपचे बनावट ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचे सहा पंखे. दुकान विदर्भातल्याच एका मोठ्या शहरात आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे नाव लिहीत नाही. जुना माल नव्या डब्यात घालून कसा विकतात हे सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते दुकानातल्या प्रात्यक्षिकाबद्दल, कारण मला तिथेच गुंडाळले गेले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातबारा, पीक विमा, दाखले यांची ऑनलाइन कामे करून देतो, म्हणजे कॉम्प्युटर पाहून भांबावणारा माणूस नाही. संच पुतण्यासाठी हवा होता. त्याला लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करायचे होते आणि खेळायचेही होते. पैसे कापसाच्या चुकाऱ्याचे होते, त्यामुळे मी योग्य तेच तीन प्रश्न विचारले: जड गेम चालेल का, आमच्या उन्हाळ्यात टिकेल का आणि आवाज किती करेल. विक्रेत्याने तिन्हींची उत्तरे दिली, पण एकेक करून दिली, आणि सगळी लबाडी त्यातच होती. वेग दाखवताना त्याने एक हलका, जुना गेम लावला आणि स्पीकर मोठा ठेवला. आवाज दाखवताना गेम बंद केला आणि रिकाम्या पडद्यासमोर "कान लावून पाहा" म्हणाला. थंडाव्याबद्दल विचारले तेव्हा पंखे मोजून दाखवले. जड गेमचा पूर्ण भार, बंद कॅबिनेट (कॉम्प्युटरचा डबा) आणि बंद स्पीकर हे तिन्ही एकाच वेळी त्याने एकदाही येऊ दिले नाही.

कॅबिनेटची काच त्या वेळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती मला दिसली, मी तिच्याबद्दल विचारलेही, आणि आज सर्वांत जास्त संताप येतो तो त्याच्या उत्तराचा: "भाऊ, आतलं लाइटिंग नीट दिसावं म्हणून काढली, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, मी आहे नं." मी फक्त "काच लावून अर्धा तास चालवा" एवढेच म्हणायला हवे होते. पण बाहेर मार्चअखेरचे ऊन, आत २४ अंशांवर लावलेला एसी, हातात चहा आणि समोर गोड बोलणारा माणूस असताना कोणत्या गिऱ्हाइकाला ते सुचले असते? कॉम्प्युटरमधला पंख्याचा कूलर कोणत्याही चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो तिला खोलीच्या तापमानाच्या ठरावीक अंश वर रोखून धरतो. म्हणजे २४ अंशांच्या दुकानात ७० वर राहणारी चिप आमच्या ४२ अंशांच्या खोलीत तेवढ्याच भाराखाली ८८ च्या आसपास जाते, त्यात काच बसवली की आणखी चढते आणि मर्यादा गाठताच स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. घरी नेमके हेच झाले: थोडा वेळ गेम सुरळीत चालायचा, मग अडखळू लागायचा.

आवाजाचे कारणही आत सापडले. सहाही पंखे मदरबोर्डला न जोडता थेट एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डबीला) जोडलेले होते, त्यामुळे काम असो वा नसो, ते पूर्ण वेगाने फिरत. दुकानात तो आवाज एसीच्या घरघरीत आणि रस्त्याच्या गोंगाटात बुडाला होता. खेड्यातल्या रात्री तो शेजारच्या खोलीत ऐकू येतो. शिवाय कॅबिनेटची समोरची बाजू सलग काचेची, म्हणजे दारे-खिडक्या लावून डेझर्ट कूलर चालवण्यातला प्रकार. जी थोडी फट होती, तीही घरात साठवलेल्या कापसाच्या तंतूंनी लवकरच भरली. ज्यांच्या घरी कापूस साठवतात त्यांनी जाळीदार तोंडाचे आणि धुता येणाऱ्या फिल्टरचे कॅबिनेटच मागावे. पंख्यांची संख्या कोणी सांगू लागला तर हवा कुठून येणार ते विचारावे.

ग्राफिक्स कार्ड विंडोजमध्ये जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी असे दिसत होते. पुतण्याने नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकताच पडदा काळा झाला. यवतमाळच्या मेकॅनिकने ५०० रुपये घेऊन जीपीयू-झेड चालवले, तेव्हा त्या मोफत प्रोग्रामने कार्ड बनावट असल्याचे सरळ लिहून दाखवले: आत २०१० सालची जीटीएस ४५० ची चिप होती. खरे १०५० टीआय ७५ वॅटवर चालते, ही चिप १०६ वॅट खाऊन त्याच्यापेक्षा कितीतरी कमी काम करते. उरते ती उष्णता आणि ती बाहेर फेकणाऱ्या पंख्याची घरघर. ओळखायची खूण तर कार्डाच्या पाठीवरच होती. १०५० टीआयची चिप जुन्या मॉनिटरला लागणारा ॲनालॉग सिग्नल देतच नाही, त्यामुळे खऱ्या कार्डावर निळे व्हीजीए तोंड नसते. माझ्या कार्डावर ते होते, आणि "तुमचा जुना मॉनिटरही चालून जाईल, खर्च वाचला" असे विक्रेत्याने म्हटल्यावर मी खूश झालो होतो.

यानंतर जे झाले ते फसवणुकीपेक्षा संतापजनक आहे. ठाण्यात सांगितले की हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. सायबरचे काम पाहणारे म्हणाले की तुम्ही स्वतः दुकानात जाऊन पैसे दिलेत, त्यामुळे ही ऑनलाइन फसवणूक ठरत नाही. रोख रक्कम त्यांच्या कक्षेत नाही आणि यूपीआयची रक्कम ठाण्याच्या कक्षेत नाही, म्हणजे एकाच चोरीचे दोन तुकडे करून दोघांनीही हात झटकले. एका कार्यालयातील बाबूने पक्के बिल मागितले. दुकानदाराने पक्के बिल दिलेच नाही हीच माझी तक्रार आहे असे सांगितल्यावर "मग आम्ही काय करणार?" असे उत्तर मिळाले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीदेखील. हे मी त्या बाबूला सांगायचे, की त्याने मला? फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. ठाण्याने नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते. ही माहिती मला कोणत्याही खिडकीवर मिळाली नाही, वकील असलेल्या मेहुण्याकडून मिळाली.

जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो तिथे दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. मात्र दोन वर्षांची मुदत पाळा. "आय७" एवढ्यावर भाळू नका, त्यापुढचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्या, कारण २०२२ चा आय३-१२१०० माझ्या आय७ ला सहज मागे टाकतो आणि कमी तापतो. एसएमपीएसची कंपनी आणि ग्राफिक्स कार्डाचा अनुक्रमांकही बिलावर हवा. रोख देऊ नका. दुकानात काच लावून, स्पीकर बंद करून, जड गेम निदान अर्धा तास चालवायला लावा आणि तापमान पडद्यावर उघडे ठेवा. विक्रेता कुरकुरला तर उठून चालू लागा.

नोटीस गेल्यावर दुकानदाराने व्हॉट्सॲपवर तडजोड सुचवली: संच आणून द्या, ११,००० रुपये धरतो आणि वरचे भरून नवा घेऊन जा. ५८,५०० ला विकलेल्या मालाची त्याने स्वतःच ठरवलेली ही किंमत तारखेसह छापून मी आयोगातल्या अर्जाला जोडली आहे.