गोनाकॉन: हरणांचा पाळणा लांबवणारी लस वसाहतीला परवडते का?

अमेरिकेतल्या उपनगरांत पांढऱ्या शेपटीची हरणं डोईजड झाली आणि वसाहतीनं बंदुकीला नकार दिला, की चर्चा गोनाकॉनवर येते. लस म्हणून ती चांगली आहे. तरीही चारही बाजूंनी मोकळ्या वसाहतीनं ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अडचण लसीत कमी आणि हरीण पकडण्यात जास्त आहे.

आधी तिचा मोठा गुण. मेंदूतलं जीएनआरएच हे संप्रेरक प्रजननाचं सगळं चक्र सुरू करतं. लसीत त्याचीच कृत्रिम प्रत एका परक्या प्रथिनाला जोडलेली असते. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, अंडाशयांचं काम थंडावतं आणि मादी सहसा माजावरच येत नाही. झोनास्टॅट-डी ही दुसरी लस डार्टनं लांबून देता येते, पण ती फक्त फलन अडवते. मादी गाभण राहत नाही म्हणून पुन्हा पुन्हा माजावर येते, नर तिच्यामागे हिवाळ्यातही रस्ते ओलांडत राहतात आणि गाड्यांच्या धडकांचा हंगाम लांबतो. शिवाय सुरुवातीला दोन मात्रा आणि नंतर दरवर्षी बूस्टर लागतो.

गोनाकॉनला अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००९ मध्ये मान्यता दिली, ती एक वर्षावरच्या माद्यांसाठी. कायद्याच्या लेखी ती कीडनाशक आहे, तेही मर्यादित वापराचं. त्यामुळे वसाहतीला ती परस्पर विकत घेता येत नाही. राज्याची परवानगी लागते आणि संघीय किंवा राज्याच्या वन्यजीव खात्याची माणसं, किंवा त्यांच्या अखत्यारीतलेच लोक ती देऊ शकतात.

मात्रा १ मिलीलिटर, हातानं, स्नायूत टोचायची. म्हणजे प्रत्येक मादी हातात यायलाच हवी, आणि खरी मेहनत इथे आहे. शांत जागी मक्याचे दाणे टाकून हरणांना सवय लावायची, मग वरून पडणारं जाळं किंवा भुलीची डार्ट. (दाणे टाकायला आपल्या राज्यात बंदी नाही ना, हे आधी पाहावं.) डार्टमध्ये रेडिओ ट्रान्समीटर हवाच. भूल चढायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात मादी चार घरांची परसं ओलांडून अंधारात कुठेतरी पडते. सापडली की डोळ्यांवर पट्टी बांधायची, तिला छातीवर बसतं ठेवायचं आणि मान उंच धरायची, नाहीतर पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जातं. गुदद्वारातून तापमान घ्यायचं. ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर लगेच पाणी ओतून थंड करायचं. जाळ्यात जास्त वेळ धडपडलेली मादी सुटताना ठणठणीत दिसते आणि स्नायू निकामी होऊन काही दिवसांनी मरते, म्हणून जाळ्याशेजारी पुरेशी माणसं हवीत. लस दाट तेलकट असते, बारीक सुईतून नीट उतरत नाही. मात्रा अर्धवट गेली की परिणामही भरवशाचा राहत नाही. टोचल्या जागी गाठ येणं नेहमीचंच. शेवटी कानात बिल्ला, नाहीतर पुढच्या वर्षी कोणाला टोचलंय हे कळणार नाही.

वेळेचाही पेच आहे. नोव्हेंबरच्या माजाआधी २–३ महिने लस द्यायला हवी, पण तेव्हा रानात हिरवा चारा असतो, लवकरच ओकची फळं पडू लागतात आणि मक्याकडे कोणी फिरकत नाही. हरणं दाण्यांवर हमखास येतात ती जानेवारी-फेब्रुवारीत, माद्या गाभण झाल्यावर. त्या वर्षीची पाडसं मग जन्मतातच.

परिणाम किती टिकतो? मेरीलँडमधल्या चाचणीत पहिल्या वर्षी ८८ टक्के माद्या गाभण राहिल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी ४७ टक्के. न्यू जर्सीत हेच आकडे ६७ आणि ४३. समजा तुमच्याकडे १०० माद्या आहेत आणि ८० पकडल्या (८० पकडणं हेच फार झालं). मेरीलँडचा चांगला आकडा धरला तरी पहिल्या वर्षी सुमारे ३० माद्या वितील, दुसऱ्या वर्षी ६२. मादीमागे सरासरी दीड पाडस धरलं तर ४५ आणि मग ९३ पाडसं. बाहेरून येणारी हरणं यात मोजलेलीच नाहीत. आणि उपनगरातली मादी दहा वर्षंही सहज जगते, त्यामुळे बागेतली होस्टाची शोभेची झाडं पुढच्या वसंतातही तितकीच खाल्ली जातील.

पकडणं, भूल आणि माणसं मिळून एका मादीमागे ५०० ते १,००० डॉलर सहज जातात. लसीची किंमत त्यापुढे किरकोळ. एवढ्या कष्टानं मादी हातात आलीच आहे, तर दोन वर्षांत उतरणारी लस टोचण्यापेक्षा पशुवैद्याकडून अंडाशय काढून घेणं जास्त पटतं. खर्च थोडा वाढतो, पण ती मादी पुन्हा पकडावी लागत नाही. फक्त बीजवाहक नळ्या बांधून थांबू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात तसं केल्यावर माद्यांचा माज चालूच राहिला आणि बाहेरचे नर ओढले गेले.

गोनाकॉन आम्ही सुचवू ती एकाच ठिकाणी: पक्कं कुंपण असलेल्या परिसरात, जिथे माद्या मोजक्या आहेत आणि कॅमेऱ्यांनी आधी मोजून झालेल्या आहेत. तिथेही दुसऱ्या मात्रेचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, आणि बिल्ल्याचा क्रमांक, मात्रा, तारीख ही नोंद वसाहतीच्या ताब्यात राहील असं करारात लिहून घ्या.