फर्मवेअरची व्हेरिएबल्स: फाईल म्हणून दाखवायची की कॉलने मागायची?

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा प्रकल्प म्हणून छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे. दिवाळीला दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आला तेव्हा त्याने विचारलं, "मामा, यूईएफआयची व्हेरिएबल्स प्रोग्रामना कोणत्या वाटेने देऊ?" यूईएफआय म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणारं, चिपवर बसलेलं फर्मवेअर, आणि व्हेरिएबल्स म्हणजे त्याने नावानिशी जपून ठेवलेल्या सेटिंग्ज. भाच्यासारखं ठरवायला बसलेल्यांसाठी हे लिहितो.

फर्मवेअर यात चारच कामं करून देतं: नावाने वाचणं, पुढचं नाव सांगणं, लिहिणं आणि उरलेली जागा सांगणं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने हेच जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. एक डिव्हाइस फाईल, तिच्यावर आयओसीटीएल (डिव्हाइसला थेट आज्ञा देणारा कॉल), वर छोटी लायब्ररी. विंडोजमध्ये वेगळे फंक्शन कॉल आहेत आणि त्यांना खास परवानगी लागते. दोन्हीकडे चुकून काही पुसलं जाणं अवघड, पण साध्या शेल स्क्रिप्टला (कमांडींच्या यादीला) तिथे थेट हात घालता येत नाही, मधे एखादी कमांड लागतेच.

लिनक्सने फाईलची वाट धरली, पण पहिल्या फटक्यात जमलं नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक व्हेरिएबलची एक डिरेक्टरी होती आणि डेटाला 1024 बाइटची मर्यादा. सिक्युअर बूटच्या (फक्त विश्वासातलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) याद्या त्यात मावेनात. म्हणून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) 3.8 आवृत्तीत एफिव्हारएफएस ही नवी फाईल सिस्टिम आली आणि 6.0 मध्ये जुनी पद्धत काढून टाकली. आता एक व्हेरिएबल म्हणजे एक फाईल. तिचं नाव म्हणजे व्हेरिएबलचं नाव आणि पुढे जीयूआयडी, म्हणजे एकमेव असा लांब ओळख-क्रमांक. गावात सुरेश दहा असले तरी गट नंबरावरून शेत ओळखता येतं, तसंच हे.

पण ही फाईल दिसते फाईलसारखी, वागते वेगळी. पहिले चार बाइट गुणधर्मांचे, डेटा त्यानंतर. आणि सगळं एकाच राइटमध्ये (लिहिण्याच्या एकाच कॉलमध्ये) द्यावं लागतं. तुकडे केले तर दुसऱ्या तुकड्याचे पहिले चार बाइटही गुणधर्म म्हणूनच वाचले जातात. वाचनही फुकट नाही, प्रत्येक वेळी फर्मवेअरला हाक जाते. म्हणून लिनक्सने रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) नसलेल्यांच्या वाचनाच्या वेगावर लगाम घातला.

खरा धोका पुसण्याचा. 2016 च्या सुरुवातीला 'आरएम -आरएफ' ही सगळं पुसणारी कमांड चालवल्यावर काही लॅपटॉप पुन्हा सुरूच झाले नाहीत, कारण त्यांच्या फर्मवेअरला गेलेल्या व्हेरिएबलशिवाय उठता येईना. त्यानंतर ओळखीची ठराविक नावं सोडून बाकी फाईलींवर न-बदलण्याची खूण लागू लागली. पुसायची तर आधी ती काढावी लागते. आमच्या गावात याची किंमत मोठी आहे. चिप पुन्हा लिहून देणारा माणूस नागपुरात. सोयाबीनच्या सोंगणीत त्यासाठी एक अख्खा दिवस घालवणं कोणाला परवडतं?

माझं मत स्पष्ट आहे. वापरणारे दोनतीनच प्रोग्राम असतील तर डिव्हाइस फाईल पुरे, आणि भाच्याला मी तीच घ्यायला सांगितली. वापरणाऱ्यांना शेलमधून बघायचं, स्क्रिप्ट लिहायच्या असतील तर फाईल सिस्टिम घ्या, पण न-बदलण्याच्या खुणेचं कुलूप पहिल्या दिवसापासून लावा आणि अर्धवट राइट सरळ नाकारा. जागाही राखा: लिनक्स साधारण 5 केबी शिल्लक ठेवतं, कारण भरगच्च भरलेल्या साठ्यानेही काही लॅपटॉप गेले आहेत.

चाचणी मात्र खऱ्या मशीनवर करू नका. क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या नकली मशीनमध्ये) ओव्हीएमएफ हे त्यासाठीचं यूईएफआय फर्मवेअर लावलं की व्हेरिएबल्स वेगळ्या फाईलमध्ये राहतात. तिची एक प्रत आधी बाजूला ठेवा. बिघडली की ती परत टाका.