चिरंजीवांचा संच: दादरच्या एका वाचनालयाची नवी योजना

दादर पश्चिमेच्या एका जुन्या वाचनालयाने विषयवार पुस्तकांचे संच सभासदांना महिनाभरासाठी घरी देण्यास सुरुवात केली असून, त्यांतला अमरत्वावरचा चार पुस्तकांचा संच मी नुकताच वाचून परत केला. निवड करणाऱ्याची नजर चांगली आहे. मरण टळले तर माणूस कंटाळेल का, या नेहमीच्या प्रश्नापाशी न थांबता, त्या वाढीव आयुष्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न त्याने पुढे आणला आहे.

स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) लग्नॅग बेटावर काही मुले डाव्या भुवईवर लाल ठिपका घेऊन जन्मतात. ती कधी मरत नाहीत, म्हातारी मात्र होतात. वयाची ८० वर्षे पूर्ण होताच कायदा त्यांना मृत मानतो आणि मालमत्ता वारसांना मिळते. पुढे २०० वर्षांनी भाषाच बदलून गेल्याने ती आपल्या देशात परकी होतात. पागडीच्या खोलीवरून भावाभावांचे दावे पाहिलेल्या मुंबईकराला हा कायदा क्रूर वाटण्याआधी सोयीचा वाटेल, अशी मला शंका आहे. चेक लेखक कारेल चापेकचे ‘द मॅक्रोपुलोस केस’ (१९२२) हे नाटकही वकिलाच्या कचेरीत, वारसाहक्काच्या जुनाट खटल्यापासूनच सुरू होते; ३३७ वर्षांच्या गायिकेला हवी असलेली आयुष्य वाढवणारी कृती त्याच इस्टेटीच्या कागदांत दडलेली असते.

यांच्या शेजारी खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ठेवणे, ही या संचातली खरी सूझ. महाभारतात थोरले चार मुलगे नकार देतात, पुरू तारुण्य देतो आणि बाप ते हजार वर्षे भोगतो. लग्नॅगमध्ये वारसांच्या पाठीशी निदान कायदा आहे. पुरूच्या पाठीशी कोणीच नाही. चौथा विज्ञानकथांचा संग्रह बेताचा वाटला.

उणिवा दोन. स्विफ्टची दिलेली मराठी प्रत मुलांसाठीची संक्षिप्त होती. तीत बुटके आणि राक्षसकाय माणसे होती, पण लग्नॅगचा प्रवासच गाळलेला होता. ग्रंथपाल बाईंनी कुरकुर न करता संपूर्ण इंग्रजी प्रत काढून दिली, तरी संच बांधताना हे पाहायला हवे होते. शिवाय जखमेसाठी तेल मागत हिंडणारा, आजीच्या गोष्टींतून आपल्याला ठाऊक असलेला अश्वत्थामा या संचात नसावा, हे पटत नाही.

मुदत एकदाच वाढवून मिळते. ‘ययाति’साठी मी ती घेतली.