यंत्रांची खोली आणि चटईची खोली : कंबरदुखीवरच्या बारा आठवड्यांच्या उपक्रमाविषयी

सहा वर्षांच्या कंबरदुखीवर शस्त्रक्रियेविना काय करता येईल, हे पाहण्यासाठी मी एका फिजिओथेरपी केंद्राच्या १२ आठवड्यांच्या उपक्रमात दाखल झाले. तो संपून आता सात महिने होत आले. संपल्यासंपल्या लिहिले असते तर हा अभिप्राय बराच वेगळा झाला असता, कारण तेव्हा माझी कंबर चांगली होती आणि कंबर चांगली असताना माणूस कोणालाही पाचपैकी पाच तारे देऊन टाकतो. मध्यंतरी एकदा पुन्हा उसण भरली, आणि या सेवेत टिकाऊ काय व नुसते दिखाऊ काय, हे मला त्यानंतरच नीट कळले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे थोडी तक्रारही येणार आहे.

माझे काम मुद्रितशोधनाचे, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास बैठक. सकाळी उठताना कंबर धरलेली, दुपारी ठणका, आणि वाईट दिवशी उजव्या मांडीतून पोटरीपर्यंत कळ. एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याचे लिहिले होते. शल्यविशारदांनी तपासून सांगितले की पायातली ताकद शाबूत आहे, शस्त्रक्रियेचे कारण दिसत नाही, व्यायाम करा. 'व्यायाम करा' हे दोन शब्द आणि प्रत्यक्ष व्यायाम यांच्यामध्ये केवढी दरी आहे, हे कंबर दुखणाऱ्यालाच ठाऊक. ती दरी ओलांडायला मला कोणीतरी सोबत हवे होते.

पहिली भेट ५० मिनिटांची झाली, आणि संपूर्ण उपक्रमातला सर्वांत मोलाचा वेळ तोच होता असे मला आजही वाटते. थेरपिस्टने एमआरआयचे पाकीट बाजूला ठेवले आणि मला बूट काढायला सांगितले. मी भिंतीचा आधार घेऊन, पाठ काठीसारखी ताठ ठेवून, एकेक पाय वर ओढून बूट कसे काढते, ते तिने शांतपणे पाहिले. मग तिने प्रश्न विचारले. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण सुटते का, बसण्याच्या जागी बधिरपणा येतो का, पाऊल उचलताना अडखळते का, ताप किंवा कारण नसताना वजन घटणे आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का. यांपैकी काही असते तर तिने मला चटईवर घेतलेच नसते. विशेषतः लघवीवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर व्यायामाच्या फंदात न पडता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, असे तिने माझ्याकडून वदवून घेतले.

अहवालाचे पाकीट तिने सर्वांत शेवटी उघडले. "तुमची गादी, म्हणजे ही चकती, सरकली, असे तुम्हाला सांगितले असेल," ती म्हणाली, "पण ती सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. फुगते, कधी फाटते, आणि पुष्कळदा कसलाही त्रास न देता तशीच राहते." कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्याचे आकडे तिने मला दाखवले. विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ते प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत गेले. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे माझ्या अहवालातले ते भयंकर वाक्य वेदनेचे कारण असू शकते, तसेच ते पांढऱ्या केसांसारखे वयाचे चिन्हही असू शकते. सहा वर्षांत मला हे कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी कंबर तितकीच दुखत होती, पण परतताना मी जिने उतरले, उद्वाहन घेतले नाही.

एवढ्या चांगल्या सुरुवातीनंतर पुढचे चार आठवडे मात्र यंत्रांच्या खोलीत गेले. ४० मिनिटांच्या सत्रातली ३० मिनिटे तिथे आणि उरलेली १० चटईवर, असे वेळापत्रक होते. खोली स्वच्छ, पडदे नीट, मदतनीस अदबशीर. याबाबतीत नाव ठेवायला जागा नाही. आधी शेक, मग कंबरेवर चार चिकट तुकडे लावून टेन्स नावाच्या यंत्राचा सौम्य विद्युतप्रवाह, मग जेल लावून अल्ट्रासाउंड, आणि आठवड्यातून दोनदा पट्ट्यांनी बांधून यंत्राने कंबर ताणणे, ज्याला तिथले सगळे 'वजन लावणे' म्हणत. टेन्समागची कल्पना मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांच्या १९६५ च्या 'गेट कंट्रोल' सिद्धान्ताशी जोडलेली आहे: स्पर्शाचे व कंपनाचे संदेश मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. टेन्सच्या मुंग्या सुखद असतात हे खरे, आणि यंत्र चालू असेपर्यंत व नंतर तासभर मला बरेही वाटे. अल्ट्रासाउंडने जेल थंड असते एवढेच कळले. वजन लावल्यावर उंची वाढल्याचा भास होई आणि उठताना हमखास चमक निघे.

माझा अनुभव हा एकटीचा, त्याला पुरावा म्हणता येणार नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात टेन्स, उपचारात्मक अल्ट्रासाउंड आणि ट्रॅक्शन (म्हणजे ते 'वजन लावणे') यांचा नियमित वापर करू नये असेच म्हटले आहे; ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्येच तसे सांगून ठेवले होते. मग केंद्राच्या वेळेचा तीन-चतुर्थांश भाग याच गोष्टींवर का खर्च व्हावा? मी हा प्रश्न व्यवस्थापकांना विचारला तेव्हा, "लोकांना यंत्र लावले नाही तर उपचार झाल्यासारखे वाटत नाही," असे प्रांजळ उत्तर मिळाले. उत्तर प्रांजळ होते म्हणून मी रागावले नाही, पण पटलेही नाही. शेकाबद्दल मात्र माझे मत मऊ आहे: सकाळी धरलेली कंबर सैल करून चटईपर्यंत पोहोचवण्याचे काम तो करतो, फक्त ते काम घरची गरम पाण्याची पिशवीही तितकेच करते.

कंबरपट्ट्याविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण तो नोंदणीच्या मेजावरच विकायला ठेवलेला असतो आणि पहिल्याच आठवड्यात गळ्यात, म्हणजे कमरेत, पडतो. वस्तू म्हणून तो उत्तम आहे: शिवण पक्की, आतल्या पट्ट्या टोचत नाहीत, वेल्क्रो अजून शाबूत. पण तो बांधला की मी काचेचे भांडे असल्यासारखी वागू लागे, आणि काढला की कंबर उघडी पडल्याची भीती वाटे. वरच्याच मार्गदर्शक सूचनेत पट्टे आणि आधार यांचीही शिफारस केलेली नाही. जुन्या दुखण्याला रोज पट्टा बांधणाऱ्यांनी तो का बांधतो, याचा एकदा थेरपिस्टसमोर हिशेब मांडावा.

पाचव्या आठवड्यापासून चटईच्या खोलीतला वेळ वाढला. खोली कसली, आरसा लावलेली एक रिकामी जागा आणि आठ चटया. तिथे शिकवलेले प्रकार मोजकेच होते. पालथे पडून कोपरांवर, मग तळव्यांवर छाती उचलणे, हा न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीतला व्यायाम. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण चुकून पाठ उलटी वाकेल अशा स्थितीत पलंगावर पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ थांबली, तिथून त्या पद्धतीची सुरुवात झाली. त्यानंतर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम: एक गुडघा वाकवून डोके-खांदे किंचित उचलणे, कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर तोलणे, आणि हातापायांवर ओणवे राहून एका बाजूचा हात व दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणे. हा शेवटचा प्रकार पाहायला पोरखेळ वाटतो. थेरपिस्टने माझ्या पाठीवर एक हलकी काठी आडवी ठेवली आणि ती न पाडता दहा सेकंद थांबायला सांगितले. पहिल्या दिवशी काठी चार वेळा पडली.

व्यायामापेक्षाही त्यांचे नियम उपयोगी ठरले. कळ पायातून वर सरकत कंबरेपाशी गोळा होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. उलट ती खाली पोटरीकडे उतरत असेल तर तो प्रकार त्या दिवसापुरता बंद. दहापैकी तीन-चारपर्यंतची वेदना चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्वपदावर आली पाहिजे. दुखणे म्हणजे इजा नव्हे, हे वाक्य ऐकायला सोपे आहे. पण ते मोजता येईल अशा नियमात बसवून दिले तेव्हाच माझा त्यावर विश्वास बसला. सहा वर्षे मी खाली पडलेली पेन्सिलही पाठ न वाकवता, उकिडवी बसून उचलत होते. दहाव्या आठवड्यात त्याच थेरपिस्टने आठ किलोंची पिशवी जमिनीवर ठेवली आणि "उचला, जशी उचलाल तशी" असे म्हणून ती दोन पावले मागे सरकली. पिशवी उचलली गेली.

घरच्या नोंदवहीची कल्पनाही चांगली आहे. तीत किती दुखले हे लिहायचे नसते, त्या दिवशी काय केले ते लिहायचे असते: किती मिनिटे चालले, किती वेळ सलग बसले. चालण्याला या केंद्रात जितके महत्त्व देतात तितके मी अन्यत्र पाहिले नव्हते, आणि ते योग्यच आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ज्या लोकांना मार्गदर्शनासह चालण्याचा कार्यक्रम दिला, त्यांचे दुखणे पुन्हा उलटायला मध्यक धरून (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले. ज्यांना दिला नाही त्यांना ११२. हे दुखणे उलटणारच नाही असे आश्वासन त्यात नाही, आणि या केंद्रानेही ते दिले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. जाहिरातीत 'मुळापासून उपचार' असा शब्द होता, एवढी खोट आहे.

अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगून टाकते. जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२१ चा आढावा असे सांगतो की व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत करणाऱ्यांची वेदना १०० गुणांच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी असते. माझी वेदना दहापैकी सहावरून साडेतीनवर आली. ती गेली नाही. पण आता सलग ५० मिनिटे बसून उठता येते आणि उठताना खुर्चीचे हात पकडावे लागत नाहीत, हे माझ्या कामात फार मोठे आहे.

आता उणिवा. गटात आठजण असत आणि व्यायामाचा कागद सर्वांना एकच, त्यामुळे पुढे वाकल्यावर बरे वाटणाऱ्या एका गृहस्थांनाही आमच्यासारखेच मागे वाकवले जाई. त्यांनी तिसऱ्या आठवड्यात येणे बंद केले. पहिल्या भेटीतली थेरपिस्ट नंतर दर पंधरवड्याला एकदाच भेटे, एरवी मदतनीस अंक मोजत. झोप, चिंता आणि वेदना यांच्या संबंधांवरचे एकमेव व्याख्यान नवव्या आठवड्यात ठेवले होते, जे वास्तविक पहिल्याच आठवड्यात हवे. त्याच व्याख्यानात झोपायच्या गादीचा विषय निघाला: २००३ मध्ये स्पेनमधल्या ३१३ रुग्णांवर ९० दिवस केलेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला होता. मी तोवर कोणाच्या तरी सल्ल्याने दोन वर्षे फळीवर झोपत होते. त्या दोन वर्षांचे काय करायचे, हे व्याख्यात्याला विचारावेसे वाटले, पण प्रश्नांची वेळ संपली होती.

उपक्रमानंतर चौथ्या महिन्यात, मोजे घालत असताना, उसण भरली. मी केंद्राला फोन केला. पलीकडून पायातल्या ताकदीचा प्रश्न आला नाही की बधिरपणाचा; यंत्रांची दहा सत्रे घ्या, असे सुचवले गेले आणि तारखाही सांगितल्या गेल्या. पहिल्या भेटीत मला जे प्रश्न शिकवले होते ते मीच स्वतःला विचारले, उत्तरे ठीक आली. एक दिवस जवळजवळ पडून काढला, दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे चालले, तिसऱ्या दिवशी पालथी पडून कोपरांवर आले. नवव्या दिवशी कामाच्या खुर्चीत बसले होते. पूर्वी अशा वेळी तीन-तीन आठवडे जात आणि सगळ्या घराला वेठीस धरले जाई. ती सत्रे मी घेतली नाहीत.

शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितलेल्या, आणि तरीही वाकायला घाबरणाऱ्या कोणालाही मी असा उपक्रम सुचवीन. केवळ दुखणे लवकर थांबावे एवढीच अपेक्षा असेल तर बारा आठवडे लांब वाटतील. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: तपासणारी व्यक्तीच पुढे शिकवणार आहे का, सत्रातली किती मिनिटे चटईवर जातात, आणि व्यायामाचा कागद तुमच्यासाठी बदलला जातो का. पाच ताऱ्यांच्या हिशेबात पहिल्या भेटीला पाच, चटईच्या खोलीला चार, यंत्रांच्या खोलीला दीड; तो अर्धा तारा शेकाचा. पुढच्या वर्षासाठी फक्त तपासणी आणि चटईची सत्रे मिळतील का, असे मी गेल्या महिन्यात लेखी विचारले होते. उपक्रम विभागून देता येत नाही, असे उत्तर आले आहे.