अभिरूप संसद की माहिती अधिकाराचा अर्ज?

ठाण्यातल्या नववीच्या मुलांना नागरिकशास्त्र जगून शिकवायचं, तर दोन वाटा आहेत. अभिरूप संसद दोन तासांत होते, लाजरी मुलंही बोलू लागतात. पण ठराव वर्गातच राहतो.

दुसरी वाट मासुंदा तलावाकाठचा फूटपाथ पाहून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिण्याची. २००५ चा कायदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे प्रश्न नेमका लागतो. ‘फूटपाथ खराब का?’ असं विचारलं तर उत्तर टळतं; ‘यंदाच्या दुरुस्ती खर्चाच्या कागदांची प्रत द्या’ म्हटलं की टाळणं अवघड. पालकांपैकी कुणाची सही घ्यावी, हे बरं. वेळ जातो, तरी मी हीच वाट निवडेन. संसदही भरवा, फक्त चर्चेसाठी अर्जाला मिळालेलं उत्तर घ्या.